पायलीची खीर

नवस बोलताना माणूस पूर्ण शुद्धीवर असावा, असं गुरुदास लोके आता भेटेल त्याला सांगतात. ते स्वतः तेव्हा नव्हते. गोव्यातल्या एका मोठ्या हॉस्पिटलात, निळ्या प्लास्टिकच्या खुर्चीवर, मांडीवर बायकोची पर्स आणि हातात बायकोच्या चपला घेऊन ते बसले होते. आत सुगंधाच्या मानेजवळच्या गाठीचा तुकडा तपासणीसाठी काढत होते. डॉक्टरांनी गुरुदासांना आधीच बाजूला घेऊन सांगितलं होतं की गाठीचं रूप काही आपल्याला आवडलेलं नाही, मनाची तयारी ठेवा. गुरुदासांनी आत जाऊन सुगंधाला सांगितलं, "चरबीची गाठ आसा. डॉक्टर हसाक लागले." त्यानंतर त्यांनी घसा खाकरला आणि मनाची तयारी करायला बाहेर येऊन बसले.

मनाची तयारी म्हणजे काय करायचं असतं हे जिल्हा परिषदेच्या बांधकाम खात्यात उभी नोकरी करूनही त्यांना कोणी शिकवलं नव्हतं. पाय गार पडले. डोळ्यांपुढे गावची, मिठबावची देवी आली आणि तोंडातून आपसूक शब्द निघाले, "आई, हिका काय एक होवंक देव नको. तुका पायलीची खीर घालतंय." शेजारचा माणूस एक खुर्ची सोडून पलीकडे सरकला.

रिपोर्ट आला. काही नव्हतं. गाठ खरोखरच चरबीची निघाली, म्हणजे गुरुदास चुकून खरं बोलले होते. त्या आनंदात त्यांनी स्टेशनवर सुगंधाला दोन वडापाव खायला लावले. गाडी कणकवलीच्या जवळ आली तेव्हा कुठे त्यांच्या मनात तो प्रश्न उभा राहिला, की पायली म्हणजे किती?

पायली हा शब्द त्यांच्या आईचा. आई पायलीनं भात मोजायची, पायलीनं कुळीथ मोजायची. गुरुदासांनी स्वतः किलोशिवाय काही मोजलेलं नव्हतं. मग घाबरल्या घटकेला तोंडात किलो का आला नाही? दोन किलोची खीर म्हटलं असतं तर आज काम झालं असतं. पण देवीपाशी शब्द गेला होता, आणि देवीपाशी गेलेल्या शब्दाला दुरुस्तीपत्रक जोडता येत नाही.

बायकोला विचारावं तर सगळंच उघडं पडणार. पायली कशाला, नवस कशाला, आणि चरबीच्या गाठीला एवढा मोठा नवस कोण बोलतं, हे तिनं लागोपाठ विचारलं असतं. त्या प्रवासभर गुरुदास तिला धीर देत आले होते. तो धीर आतून पोकळ होता हे तिला कळावं असं त्यांना वाटत नव्हतं. म्हणून त्यांनी गावकीच्या वाटेनं जायचं ठरवलं, आणि तिथेच घोळाला सुरुवात झाली.

पहिला सल्ला शेजारच्या सत्यवानाचा. सत्यवान एस्टीतून कंडक्टर म्हणून निवृत्त झालेला, त्यामुळे कुठल्याही प्रश्नाचं उत्तर उभ्या उभ्या देण्याची त्याला सवय. त्यानं सांगितलं, चार शेरांची पायली. मग शेर म्हणजे किती? तर शेर दोन, एक वजनाचा आणि एक मापाचा, आणि दोघांचा एकमेकांशी काही संबंध नाही. शिवाय आपल्याकडची पायली वेगळी, खारेपाटणच्या बाजाराची वेगळी, घाटावरची तर विचारूच नको. गुरुदासांनी किलोत विचारलं तेव्हा तो आधी साडेतीन म्हणाला, मग चार, आणि शेवटी भात असेल तर आणि तांदूळ असेल तर असं करत करत पाचावर गेला.

"तुका कशाक व्हयी पायली?" त्यानं विचारलं.

गुरुदासांनी पेपरातल्या शब्दकोड्याचं नाव सांगितलं. सत्यवानाचा विश्वास बसला नाही, पण त्यानं तसं दाखवलंही नाही. फक्त जाता जाता, कोणी विचारलेलं नसताना, त्यानं एक हकिकत सांगितली. त्याच्या मामाच्या गावात एकानं देवाला तेल बोललं आणि घालताना हात आखडता घेतला. माणसाला काही झालं नाही. पण त्याच्या घरात त्या वर्षापासून कुठलीच गोष्ट पुरी म्हणून होईना. भिंत बांधली तर कमरेपर्यंत, लग्न ठरलं तर साखरपुड्यापर्यंत. हे सांगताना सत्यवान शांतपणे सुपारी कातरत होता. गुरुदास घरी आले ते घाम पुसतच. रात्री सुगंधा नुसती खोकली तरी त्यांना देवीनं आठवण करून दिल्यासारखं वाटलं.

दुसऱ्या दिवशी त्यांनी तिला अगदी सहज, छताकडे बघत विचारलं की तांदळाच्या खिरीत एका वाटीला गूळ किती घालतात. सुगंधा म्हणाली, डोळ्यांना दिसतो तितका. आणि नारळाचा रस? भांडं सांगेल तितका. मग तिनं भाजी चिरता चिरता वर बघितलं आणि आज खिरीचं काय एवढं, असं विचारलं. गुरुदास विहिरीचा पंप बघायला निघून गेले.

नवऱ्याला कळेल अशा भाषेत स्वयंपाक सांगू शकणारं गावात एकच माणूस होतं, कार्मेलिना बाई. बाई मालवणच्या शाळेत विज्ञान शिकवून निवृत्त झाल्या होत्या आणि आता नाताळाला, लग्नाला केक करून देत. त्यांच्या ओट्यावर इलेक्ट्रॉनिक काटा होता आणि भिंतीला मापाचे कप टांगलेले होते. गुरुदासांनी त्यांना नवसापर्यंत सांगितलं, नवसामागचं सांगितलं नाही. बाईंनी चष्मा लावला आणि त्यांना वर्गातल्या मुलासारखं समोर बसवलं. एकच कप घेतला. तांदूळ भरले, ते दोनशे ग्रॅमच्या जरा आत. त्याच कपात गूळ दाबून भरला तर जास्त, न दाबता भरला तर बराच कमी. खवलेलं खोबरं तर शंभरसुद्धा नाही. कप तोच, आणि काटा दर वेळी निराळं बोलत होता. गुरुदासांनी आजवर वजन आणि माप ही एकाच माणसाची दोन नावं समजली होती. आता त्यांना वाटू लागलं की आपण आयुष्यभर कुठकुठले हिशेब या समजुतीवर केले असतील.

मग बाईंनी खरा घाव घातला.

"पायली तांदळाची की पायली खिरीची?"

गुरुदासांना प्रश्न कळला नाही. बाईंनी समजावलं. तयार खीर पायलीभर हवी असेल तर मोठ्या पातेल्यात मावेल, घरची माणसं आणि पाचदहा शेजारी खातील. पण पायलीभर तांदळाची खीर म्हटली तर तांदूळ फुगणार, रस लागणार, गूळ लागणार, ती पायलीच्या आठपट दहापट होणार आणि वाडीला जेवण घालावं लागणार.

"तू बोललंस काय ता आठव," बाई म्हणाल्या.

"पायलीची खीर म्हटलंय."

"मगे झाला कल्याण. आमी सांत आंतोनीक मेणबत्ती बोलतो. मेणबत्ती मोजूक सोपी."

आपण देवीशी केलेला करार असा मोघम भाषेत केला, याची लाज गुरुदासांना फार वाटली. निविदा काढताना एका शब्दाच्या मोघमपणापायी ठेकेदार कसे हात धुवून घेतात हे त्यांनी जन्मभर बघितलं होतं. इथे तर समोर देवी होती. कौल लावला तर देवी काय ते सांगेल. पण कौल लावायचा म्हणजे देवळात गावासमोर नवस का बोलला ते सांगायचं. नको. त्यापेक्षा सरकार बरं. सरकारी कागदावर पायली किती हे लिहून मिळालं तर देवीसुद्धा ते मानील, असा काहीसा विचार करून ते ओरोसला, जिल्ह्याच्या वजनमापे तपासणाऱ्या कचेरीत गेले.

साहेब तरुण होते, टेबलावर एक पितळी वजन ठेवून त्याखाली कागद दाबत होते. गुरुदासांनी ठेवणीतल्या मराठीत विचारणा केली. साहेबांनी तितक्याच शुद्ध मराठीत सांगितलं की पायली हे माप कायद्यानं केव्हाच रद्द झालेलं आहे, आणि शिक्का नसलेलं माप व्यवहारात वापरणं हा गुन्हा आहे.

"आपल्याकडे पायली आहे का?"

"नाही, साहेब. मी फक्त तोंडी बोललो आहे."

"म्हणजे तोंडी व्यवहार झाला आहे. कोणाशी?"

पेन्शन थांबते की काय इथपर्यंत गुरुदासांची मजल गेली. त्यांनी खालच्या आवाजात सांगितलं, "ग्रामदेवतेशी."

साहेबांनी पेन खाली ठेवलं. उठून त्यांनी दार लोटलं. आता कोणाला तरी बोलावतात असं गुरुदासांना वाटलं, पण साहेब टेबलाच्या या बाजूला येऊन त्यांच्या शेजारच्या खुर्चीवर बसले.

"आमच्या आयेन मापटाभर तीळ बोलून ठेवलेले आसत," ते म्हणाले. "आये गेली. आता मापटा म्हणजे नक्की किती, वो? तुमका काय म्हायती?"

गुरुदास निघाले तेव्हा साहेबांनी, काही कळलं तर माकाही कळवा म्हणून आपला नंबर दिला. सरकारच घाबरलेलं आहे हे कळल्यावर गुरुदासांचा उरलासुरला आधार गेला.

शेवटी सत्यवानाला नवसाचं सांगावंच लागलं. त्यानं शब्दकोड्याचा विषयही काढला नाही, हा त्याचा मोठेपणा. त्याच्या बहिणीकडे वैभववाडीला माळ्यावर एक जुनी पायली होती. गुरुदास स्वतः जाऊन घेऊन आले. लाकडाची, लोखंडी पट्टी मारलेली, आतून काळीभोर. एस्टीत ती त्यांनी टॉवेलात गुंडाळून मांडीवर घेतली. वाटेत एक खाकी कपड्यांतला माणूस नेमका शेजारी येऊन बसला आणि टॉवेलाकडे बघू लागला. गुरुदासांनी न विचारताच आत कलिंगड असल्याचं सांगितलं. तो वनखात्याचा पहारेकरी होता आणि त्याला गुरुदासांच्या मांडीच्या पलीकडची खिडकी उघडून हवी होती.

घरी आणून, म्हणजे सत्यवानाच्या घरी, त्यांनी पायलीत तांदूळ भरले. सपाट भरून तोलले तर एक वजन. जमिनीवर आपटून परत भरले तर जास्त. सत्यवान म्हणाला देवाचं माप शीग लावून भरायचं, वर डोंगर यायला हवा. मग डोंगर किती उंच? सत्यवानाच्या हातचा डोंगर बुटका होता, त्याच्या बायकोच्या हातचा उंच आणि टोकदार. गुरुदासांना कमरेपर्यंत बांधलेली ती भिंत दिसू लागली. त्यांनी सगळ्यांत जास्त भरलेलं वजन धरलं, त्यावर आणखी अर्धा किलो चुकीभुलीचा म्हणून टाकला आणि ओंजळभर भीतीचा म्हणून. बाईंच्या कपाच्या हिशेबानं गूळ आणि नारळ काढले. नारळ इतके आले की सत्यवानाच्या बायकोनं खवायला शेजारच्या दोघींना बोलावलं, आणि त्या दोघींनी आपल्याला कशाला बोलावलंय ते आणखी दोघींना सांगितलं. गुप्तता तिथे संपली. फक्त सुगंधाला माहीत नव्हतं. तिला खिरीच्या दिवशी गुरुदासांनी, कधी नव्हे ते प्रेमळ आग्रह करून, खारेपाटणला बहिणीकडे पाठवलं.

त्या सकाळी सत्यवानाच्या अंगणात तीन दगडांवर मोठा टोप चढला. ढवळायला गुरुदास स्वतः. नवस आपण बोललो तर हातही आपलाच लागला पाहिजे असं त्यांचं म्हणणं, आणि दुसऱ्या कोणी ढवळलं तर ते मोजलं जाईल का अशी धास्तीही. धुतलेले तांदूळ नारळाच्या पातळ रसात पडले. पहिला बराच वेळ काही झालं नाही. गुरुदासांना वाटलं कमीच पडलं. मग तांदूळ फुगायला लागले. आधी ते टोपाच्या मध्यावर आले, मग कड्यांपर्यंत, आणि मग त्यांनी काठावरून बाहेर डोकावून पाहिलं. निम्मे दुसऱ्या टोपात काढले. दोन्ही टोप भरले. कोणी बादली आणली, कोणी लग्नातलं घंगाळ आणलं. खाली लागू नये म्हणून गुरुदास या टोपातून त्या टोपाकडे पळत होते, कोपरापर्यंत पेजेनं माखलेले, आणि पुटपुटत होते, "आई, पुरे. आई, भरला माप."

भांडी कमी पडली तेव्हा सत्यवानाच्या बायकोनं सरळ सुगंधाला फोन लावला आणि तुमचा मोठा टोप माळ्यावर कुठे आहे असं विचारलं. सुगंधा तेव्हा एस्टीत होती. ती पुढच्या थांब्यावर उतरली, रिक्षा केली आणि परत आली.

ती फाटकातून आत आली. गुरुदासांच्या हातातला डाव तसाच राहिला. सुगंधानं भांडी बघितली, नवरा बघितला. काही विचारलं नाही. पदर खोचला, सगळ्या चुलींतली मोठी लाकडं बाहेर ओढली, गूळ घालायला लावला, आणि दाट रस कोणी उकळत्यात ओतायला निघालं होतं त्याचा हात धरला. जाळ उतरल्यावरच रस घालायचा, नाहीतर फाटतो, एवढंच ती बोलली. गुरुदासांना ओरडा खाणं परवडलं असतं. हे गप्प राहणं फार जड गेलं.

देवळात खिरीची भांडी गाभाऱ्यासमोर ओळीनं मांडली. वाडी जमली होतीच. गावकर अण्णा, देवळाचे मानकरी, हात जोडून उभे राहिले आणि गाऱ्हाण्याला सुरुवात केली. नवस पुरा झाला की नाही हे विचारायला त्यांनी देवीच्या खांद्यांना ओल्या पाकळ्या लावल्या. उजवी पडली तर होय, डावी पडली तर नाही.

एकही पडेना.

अण्णांनी पुन्हा गाऱ्हाणं घातलं. लोकांनी होय म्हाराजा म्हटलं. पाकळ्या जागच्या जागी. गुरुदासांना हॉस्पिटलातली निळी खुर्ची आठवली. माप कमी पडलं. अर्धा किलो पुरला नाही. रिपोर्ट चुकीचा असेल, दुसऱ्याचा असेल, उद्या फोन येईल.

अण्णा वळले. "गुरुदास, सगळा सांगितलंस ना? कशासाठी बोललेलंस ता देवीच्या कानार घाल."

गुरुदासांनी सुगंधाकडे बघितलं नाही, खिरीकडे बघितलं.

"हिच्या गाठीसाठी," ते म्हणाले. "डॉक्टर हसूक नाय होते. वायट निघात म्हणालेले. मी हिका खोटा सांगितलंय. माका इतकी भिती वाटली, इतकी भिती वाटली की माप खंयचा बोललंय ता माकाच कळाक नाय."

आणि ते तिथेच, गावासमोर, खांबाला टेकून लहान मुलासारखे रडले. सगळं देऊळ सुगंधाकडे बघत होतं. सुगंधा पुढे आली, पदरानं त्यांच्या कोपराची वाळलेली खीर पुसली आणि त्यांना खाली बसवलं. मग कोणीतरी अण्णांना खुणावलं. उजवी पाकळी पायरीवर पडलेली होती. कधी पडली ते कोणीच बघितलं नव्हतं. अण्णांनी थोडा विचार केला आणि पडली म्हणजे पडली असं सांगून टाकलं.

वाडीनं खीर खाल्ली, परत घेतली, डबे भरून नेली. कार्मेलिना बाईंनी वाटी दोनदा पुढे केली. सत्यवानानं येणाऱ्या जाणाऱ्याला पायली म्हणजे किती ते सांगितलं, आणि दर वेळी वेगळं सांगितलं.

उन्हं कलल्यावर सुगंधा आणि गुरुदास मोठा टोप दोन बाजूंनी धरून घरी निघाले. मग सुगंधा म्हणाली की डॉक्टरांनी तिलाही सांगितलं होतं, गुरुदासांच्या आधी.

गुरुदास थांबले. टोप कलंडला.

"मगे बोलूक नाय तू?"

"तुमचे हात बघलंय ना मी. चपल धरूक येय नव्हती तुमका," सुगंधा म्हणाली. "दोघांनी एकदम भियाला तर रिक्षावाल्याक रस्तो कोण सांगतलो?"

ती पुढे चालू लागली, म्हणून त्यांनाही चालावं लागलं. घरी येऊन टोप ओसरीवर ठेवला आणि ती त्याच्या शेजारीच बसली. पाय पसरले. मग समोर माडांच्या आगराकडे बघत, अगदी साध्या आवाजात म्हणाली, "माका पण खूप भिती वाटलेली."

गुरुदास तिच्या जवळ बसले. टोपाच्या तळाला थोडी खीर चिकटून राहिली होती. सुगंधानं डावानं ती खरवडली, एक घास स्वतः खाल्ला, एक त्यांच्या हातावर घातला.

"मीठ घालूक इसारलास," ती म्हणाली. "गोडात चिमटभर मीठ लागता."

गुरुदासांनी घास गिळला.

"मी मीठ बोललेलंय नाय," ते म्हणाले.